मालतीला सांगितलेले गुलाब

१२ सप्टेंबर

जावई गेला. म्हणजे मालतीचा पांढरा गुलाब. फार लाड करून घेतो आणि जरा कमी पडलं की मान टाकतो, म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. सकाळी फांदी वाकवून पाहिली तर कटकन मोडली. आत काळी. समोरचा रस्ता हातभर उंच झाल्यापासून सगळं पावसाचं पाणी आमच्याच अंगणात येऊन बसतं आणि ही काळी माती ते सोडत नाही. बावीस कलमी गुलाब होते. नऊ उरले.

मालतीला यातलं काहीच ठाऊक नाही. डावा डोळा काचबिंदूनं नेला, उजव्यातला मोतीबिंदू पिकून बसलाय, नुसता उजेड-अंधार कळतो. संध्याकाळी ती ओट्यावर बसते आणि मी एकेका गुलाबाची बातमी देतो. पहिलं झाड मेलं तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या दिवशी तिची साखर तीनशेच्या वर गेली होती. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या जून महिन्यातला.

काल फसता फसता वाचलो. परवा जावयाला फूल आल्याचं सांगून बसलो होतो आणि काल म्हणालो, कळी आहे. ती म्हणाली, "फूल परत मिटलं का हो?" म्हणून ही वही. या वयात खोटं बोलायचं तर लिहून ठेवायला हवं.

सांगितलं: जावयाला तीन कळ्या. एक उमलायच्या बेतात.
खरं: उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकला.

१४ सप्टें., रवि.

फवारणीचा वार. कडुलिंबाच्या तेलाचा वास आला नाही की मा. (मालती, पुढं एवढंच लिहीन) लगेच ओळखते, त्यामुळे मेलेल्या झाडांवरही फवारतो. काही ठिकाणी तर झाडच नाही, नुसत्या मातीवर. शेजारच्या जशुबेन गॅलरीतून बघत होत्या. काय समजल्या असतील देव जाणे.

सकाळचे थेंब, बोटाला सुई टोचून साखर, नाश्ता, तिची अंघोळ, दुपारचे थेंब, संध्याकाळची बातमी, पुन्हा थेंब. शाळेत होतो तेव्हा निदान सुटीची घंटा तरी व्हायची.

कंबर.

२१ सप्टें.

मास्तरीणही गेली. मा.ची सगळ्यात लाडकी, पिवळी. मुळं उकरून बघत होतो तर पोळ्यांना येणाऱ्या सुरेखाबाई मागे येऊन उभ्या. गोडादऱ्याहून येतात, नवरा कापडाच्या लूमवर आहे. थोरली मुलगी माझ्या हाताखाली शिकली म्हणून मी त्यांचा अजून 'सर'. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सर, हाई नाजूक झाडं कसाले लावतस? मन्हा दारमा रंगना डबामा गुलाब शे. त्याले कोनी देखत बी नही, तरी फुलस."

म्हटलं, रंगाच्या डब्यात कोणी न बघता फुलतो ना, त्याचीच आणा एक फांदी.

सांगितलं: मास्तरणीला लाल पालवी फुटलीय.
खरं: मुळं कुजून भुसा.

२३ सप्टें.

सुरेखाबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून आठ फांद्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, बारीक काट्यांनी भरलेल्या. मा. कलम लावायची तेव्हा केवढा घाट असायचा. लाल माती, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, पंधरा दिवस सावली. मी विचारलं, खाली काय घालायचं? त्या म्हणाल्या, काही नाही. उलथन्याच्या दांड्यानं भोकं पाडली, फांद्या खोचल्या, पायानं माती दाबली. चहा उकळायच्या आत काम संपलं.

आतून मा.नं विचारलं, अंगणात कोण काय करतंय? सुरेखाबाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, तन काढी ऱ्हायनू." आता खोटं बोलणारे आम्ही दोघं झालो.

३० सप्टें.

गरब्याच्या स्पीकरनं झोपेचं खोबरं. आठातल्या सात फांद्यांना डोळे फुटले. मी त्यांना एकदाही पाणी घातलेलं नाही. आठवणच राहिली नाही.

डॉक्टर म्हणाले, साखर उतरतेय, पण एवढ्यावर ऑपरेशन नको. मा.नं घरी आल्यावर विचारलं, मास्तरणीची पालवी हिरवी झाली का?

झाली म्हटलं.

११ ऑक्टो.

पाऊस गेला, आता छाटणी. मा. म्हणते यंदा मी करणार. हातानं कळतं मला. मी पुष्कळ टाळलं. काटे लागतील, साखरेत जखम लवकर भरत नाही, एवढंही सांगून झालं. ती म्हणाली, "दोन वर्षं मी नुसती ऐकतेय. एकदा हात लावू द्या."

कात्रीला तेल दिलं.

१२ ऑक्टो., रवि.

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

अंगणात हात लावण्यासारखं धड झाड एकच, कलेक्टर. लाल, उंच, ताठ. बाकीची पाचसहा नुसत्या काड्या, बोट लागलं तर कळेल. मी मा.च्या हातात जाड मोजे घातले, कात्री दिली, खांद्याला धरून कलेक्टरपाशी नेलं. तिनं बुंध्यापासून वर हात फिरवला, डोळा चाचपला, तिरका काप घेतला. चुकली नाही. माझ्यापेक्षा शंभरपट बरी.

मग म्हणाली, पुढचा. मी तिला अंगणातून एक फेरी मारवली, तुळशीला वळसा घातला आणि पुन्हा कलेक्टरपाशीच आणलं.

"हा कोण?"

म्हटलं, शेंदरी.

काप. पुन्हा फेरी. मास्तरीण. काप. फेरी. जावई. एकेका फेरीला मी पावलं कमीजास्त करत होतो, एकदा तर पायरीपर्यंत नेऊन परत फिरवलं. सातव्या वेळी ती म्हणाली, "यंदा सगळे एकाच उंचीचे झालेत." मी म्हटलं, मागच्या वर्षी मी सगळे सारखे कापले होते ना. "मास्तरच तुम्ही," म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी हसली.

सातानंतर मीच दमलो म्हणून थांबवलं. उरलेले मी करतो म्हटलं. तिनं स्वतः मोरचूद-चुन्याचा लेप कालवायला लावला आणि शेवटच्या कापावर बोटानं लावला. सगळ्यांना लावा हं, म्हणाली. कपाळावर घाम होता आणि चेहरा इतका खूष की मला तिथंच खाली बसावंसं वाटलं.

कलेक्टर वीतभर राहिलाय.

सांगितलं: बावीसही छाटून झाले.
खरं: एक झाड सात वेळा.

३ नोव्हें.

दिवाळी आली नि गेली. कलेक्टर वाळला. मीच मारला म्हणायचं, तिच्या हातून.

सुरेखाबाईंनी आणखी फांद्या आणल्या. रिकाम्या जागा सगळ्या भरल्या.

१६ नोव्हें.

सुरेखाबाईंच्या देशी गुलाबाला पहिलं फूल. गुलाबी, विस्कटलेलं, हातात धरलं की पाकळ्या गळणारं. मा.नं असल्या फुलाकडे ढुंकून पाहिलं नसतं. देवाला वाहायचं फूल, म्हणाली असती. तिला ती लांब दांड्याची, पेल्यासारखी उभी फुलं हवीत.

पण वास! मी विसरलोच होतो. कलमी गुलाबांना वास नव्हता फारसा. संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ती नाक वर करून म्हणाली, गुलाबाचा वास येतोय. मी म्हटलं, जशुबेनकडे असेल. मला वाटलं तेवढ्यावर भागेल. तिनं भिंतीपलीकडे हाक मारली, "जशुबेन, तमारे त्यां गुलाब आव्या छे?"

जशुबेन गॅलरीत कपडे काढत होत्या. त्यांनी अंगणातल्या फुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या घरी तुळशीशिवाय काही नाही. "हां, मालतीबेन," म्हणाल्या, "आ वखते बहु आव्या छे." आणि कपडे घेऊन आत गेल्या.

शरम वाटली. फवारणीच्या दिवशीच त्यांना सगळं कळलेलं होतं.

७ डिसें.

आठ दिवस तापानं पडलो होतो. सुरेखाबाईंनी दोघांचं केलं. मा. चाचपडत येऊन कपाळावर हात ठेवायची आणि दोन मिनिटांनी विचारायची, झाडांना पाणी?

आज उठून बाहेर गेलो. आठ दिवसांत थेंब पाणी नाही, फवारणी नाही, कोणी बघितलंसुद्धा नाही, आणि देशी गुलाबांना अकरा फुलं. मावा नाही, पानांवर काळे ठिपके नाहीत. मी पायरीवर बसून राहिलो. या घरात कोणीतरी असं आहे की जे माझ्याकडून काही मागत नाही. वाटलं तसं लिहिलंय. मा.वर राग नाही. थकलोय, एवढंच.

२१ डिसें.

शेंदरीही गेली. शेवटची कलमी.

सांगितलं: सगळे बहरात. जावयाला तुझ्या वितीएवढं फूल.

तिनं विचारलं, वास आहे का त्याला? नाही म्हटलं. "त्याला नव्हताच कधी," म्हणाली.

१४ जाने.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सकाळपासून गच्च्यांवर आरडाओरड. अंगणात पतंगाच्या मांज्याची भेंडोळी, ती गुलाबांतून सोडवताना बोटं कापली. जशुबेनकडून ऊंधियूची भाजी आणि चिक्की आली.

काल डॉक्टरांकडे. साखर उतरलीय, अशीच राहिली तर सत्तावीसला ऑपरेशन. वीस तारखेला शेवटची तपासणी. डॉक्टर म्हणाले, मागचा पडदा चांगला वाटतोय, बऱ्यापैकी दिसायला हरकत नाही. मा.नं माझा हात इतका घट्ट धरला की घड्याळ रुतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तुम्हाला नंतर बघेन. आधी मास्तरीण बघणार."



१९ जाने.

हे लिहितोय म्हणजे पुढं मला नाकारता येणार नाही.

उत्तरायणच्या दिवशी मा.नं चिक्कीचा एक तुकडा मागितला. दिला. थोड्या वेळानं दुसरा मागितला. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि वर गच्चीवर गेलो. काही काम नव्हतं वर. खाली आलो तेव्हा डबा अर्धा झाला होता आणि मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. दोन वर्षं मी तिच्या तोंडातून साखरेचा कण हिसकून घेतलाय, आणि त्या दोन दिवसांत नाही.

उद्या तपासणी आहे. साखर वाढलेली निघावी असं मला वाटतंय. निदान परवापर्यंत वाटत होतं. बायकोला दिसू नये म्हणून देवाला विनवणारा माणूस मी.

२० जाने.

साखर ठीक आहे. जीव भांड्यात पडला. खरोखर पडला, हे बघून मलाच हायसं वाटलं.

सत्तावीस तारीख नक्की.

२३ जाने.

सुरेखाबाईंना मा.पाशी बसवून कामरेजच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. सगळं परत होतं तसं करून टाकायचं ठरवून. काळ्या पिशव्यांतून कलमी गुलाब रांगेनं उभे, पिवळा, पांढरा, शेंदरी, सगळे फुललेले. मास्तरणीच्या जातीचे चार. एका टेम्पोत अख्खं अंगण येईल असं नर्सरीवाला म्हणाला. मग त्यानं विचारलं, जमीन कशी आहे? सांगितलं. पाणी साचतं? साचतं. तो म्हणाला, पावसाळ्यापर्यंत चालतील, पुढचं माझ्यावर नको.

म्हणजे जूनमध्ये पुन्हा पहिलं झाड मरणार. आणि ही जागा रिकामी करायला आधी देशी उपटायचे. सोळा झाडं आहेत, एकेकाला वीसवीस कळ्या. ज्यांनी काही चूक केलेली नाही अशी.

एका पिवळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. रिकाम्या हातानं परत आलो. मा.नं विचारलं, कुठं गेला होतात? औषधं आणायला.

२६ जाने.

आरती आली वडोदऱ्याहून. आईच्या ऑपरेशनसाठी चार-पाच दिवस रजा. फाटक उघडलं आणि बॅग हातातच धरून अंगणात उभी राहिली. मी डोळ्यांनी खुणावलं, आत्ता काही बोलू नकोस. मा.च्या दुपारच्या झोपेत सगळं सांगितलं. ही वहीही दाखवली. १९ तारखेचं पान सोडून.

तिला हसू येईल असं मला का कोण जाणे वाटलं होतं. तिनं कलेक्टरचं पान दोनदा वाचलं. म्हणाली, "बाबा, ती रोज फोनवर मला तुमच्याच शब्दांत त्या फुलांचं वर्णन करून सांगते. जावयाला किती मोठं फूल आलं ते. तुम्ही तिला सांगा. मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून कळलेलंही मला चालणार नाही."

ऑपरेशनआधी नको, म्हटलं. तेवढं तिला पटलं.

२८ जाने.

काल झालं. आज पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं बरोबर मोजली. मग आरतीचा चेहरा दोन्ही हातांनी जवळ घेऊन बघितला, मग माझा. "किती सुकलात हो," म्हणाली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. रडलो थोडा.

सूज आहे, अजून धूसर आहे. आठवडाभर काळा चष्मा, धूळ आणि ऊन नको. अंगण बंद, त्या बाजूचे पडदे ओढलेले. ऊन लागू नये म्हणून आरतीनं चष्म्यावर रुमाल धरून तिला अंगणातून आत आणलं, तर तिनं दारातूनच विचारलं, बहर आहे ना अजून? आरतीनं माझ्याकडे बघितलं.

आहे म्हटलं. आज जे सांगितलं ते खरं होतं.

१ फेब्रु.

आरती गेली. स्टेशनवर म्हणाली, ती बाहेर यायच्या आत सांगा, बाबा. हो म्हणालो.

काल आणि आज मिळून तीन वेळा तोंड उघडलं. एकदा थेंबांची वेळ झाली. एकदा ती वर्तमानपत्राचे मथळे वाचून दाखवत होती, अक्षर लावत, पहिलीतल्या मुलासारखी, तिला तोडवेना. एकदा नुसतंच राहिलं. ती घरभर वस्तू हातात घेऊन बघते. कुकरची शिट्टी, आरतीच्या लग्नाचा फोटो, स्वतःची नखं. म्हणते, सगळं किती स्वच्छ आहे. मी बघतो तर भिंतींवर जाळी.

५ फेब्रु.

आज सकाळी चष्मा काढायचा होता. मी ठरवलं होतं, चहा झाला की ओट्यावर बसवून सगळं सांगायचं, जून महिन्यापासून. दाढी करत होतो. दार उघडल्याचा आवाज आला. तोंडाला साबण तसाच घेऊन धावलो.

ती एकटी पायरी उतरून गुलाबांपुढे उभी. कोवळं ऊन, सोळाच्या सोळा झाडं भरून फुललेली, खाली पाकळ्यांचा सडा. ती हललीच नाही. मी मागे जाऊन उभा राहिलो. ती वळली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"अहो, मला सगळं गुलाबीच दिसतंय," म्हणाली. "पिवळं नाही, पांढरं नाही, काहीच नाही. डोळा फसला हो माझा."

मी म्हटलं, तसं काही नाही. एवढंच म्हटलं.  दोन वर्षं वाट बघून हे असं, म्हणाली. डॉक्टरांना फोन लावा, आत्ता लावा. मी नंबर शोधायला लागलो. खरंच शोधायला लागलो, एवढा मी नादान. तेवढ्यात तिनं माझ्याकडे नीट बघितलं. गालावरच्या साबणाकडे, मग बनियनकडे. जवळ येऊन बनियनचं टोक चिमटीत धरलं, डोळ्यांपाशी नेलं.

"हे पांढरं दिसतंय," म्हणाली. "साबणही पांढराच आहे."

मग पुन्हा झाडांकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.  ती काही विचारेल म्हणून मी उभा होतो. तिनं खाली वाकून जवळची एक फांदी धरली, जिथं जावई असायचा तिथली, आणि बोटानं बारीक काटे चाचपत राहिली, डोळे मिटून.

मी म्हटलं, चहा ठेवतो. आत आलो. चहा उकळून वर आलाय, गॅस बंद केला, दोन कप भरले. हे उभ्यानं ओट्याजवळ लिहितोय, स्वयंपाकघरातल्या. खिडकीतून ती दिसतेय. एका झाडावरून दुसऱ्याकडे जातेय, प्रत्येकापाशी थांबतेय, मोजतेय बहुतेक. सोळाव्यापाशी पोचली की मला बाहेर जावं लागेल.